निरोप न घेतां निघावें लागलें तर

आपल्याकडे घरांत अभद्र बोलूं नये हा दंडक जुना आहे, आणि त्यांत शहाणपण नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या घरांत उठतांबसतां संकटांच्याच गोष्टी चालतात त्या घरांतल्या मुलांचीं मनें कोमेजून जातात. परंतु याच आपल्या घरांतून विम्याचे हप्ते बिनचूक भरले जातात, मृत्युपत्राचा मसुदा वकिलाकडून दोनदां तपासून घेतला जातो, आणि पितृपंधरवड्यांत कोणाची तिथि केव्हां येते हें धाकट्या सुनेलाही पाठ असतें. म्हणजे मरणाची तरतूद करण्याला आपली हरकत नाहीं. हरकत आहे ती मरणाच्या एखाद्या विशिष्ट प्रकाराचें नांव घेण्याला. भर गर्दीच्या ठिकाणीं कोणी बंदूक घेऊन अंदाधुंद गोळीबार करूं लागला तर घरच्या माणसांनीं काय करावें, हा प्रश्न अशा न बोलावयाच्या प्रश्नांपैकीं आहे. आमच्या घरांत तो निघाला, त्यावर चार रविवार वादविवाद झाला, आणि त्यांतून जें हातीं आलें तें आमच्यासारख्याच मोठ्या कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों.

प्रथम प्रमाणाची गोष्ट. २०२२ सालीं भारतांत रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. तेव्हां ज्या घरचीं मुलें शिरस्त्राण न घालतां दुचाकीवरून बाहेर पडतात, त्या घरानें आधीं शिरस्त्राणें विकत घ्यावीं आणि मग हा लेख वाचावा. गोळीबारांत सांपडण्याचा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांवर जन्मांत येणार नाहीं. पण आग लागली, अपघात झाला, तर काय करावें हें थोडेंबहुत प्रत्येकाला ठाऊक असतें. याविषयीं मात्र पुरतें अज्ञान, आणि विचार करावयास मिळणारे क्षण अगदींच थोडे.

मुंबईच्या माणसाला या विषयासाठीं परदेशांतले दाखले शोधावयास नकोत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं समुद्रमार्गें आलेल्या दहा जणांनीं शहरांत ठिकठिकाणीं जो संहार आरंभिला तो २९ तारखेच्या सकाळीं संपला. त्यांत १६६ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांपैकीं ५० हून अधिक एकट्या छत्रपति शिवाजी टर्मिनसांत. ताजमहाल हॉटेलाचीं दृश्यें दूरचित्रवाणीवर तीन दिवस दिसत राहिलीं, म्हणून ती रात्र म्हणजे ताज असें समीकरण लोकांच्या मनांत बसलें आहे. पण आपल्यासारख्या संसारी माणसांनीं विचार करावयाचा तो स्थानकाचा. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनांत, मध्यें ट्रंका आणि गांठोडीं ठेवून त्यांच्या भोंवतीं बसलेलीं कुटुंबें हें दृश्य आपण सर्वांनीं पाहिलें आहे. किंबहुना आपण स्वतः त्यांत बसलों आहों. दोघे मारेकरी रायफली आणि हातबॉम्ब घेऊन शिरले ते त्या दालनांत. त्या रात्रीं शहरांत कित्येकांना पहिले आवाज फटाक्यांचे वाटले. लग्नाची वरात, निवडणुकीचा निकाल आणि क्रिकेटचा विजय या सर्वांची आपल्याकडे वाणी एकच, त्यामुळें यांत नवल नाहीं; आणि योगायोग असा कीं त्याच दिवशीं कटक येथें भारतानें इंग्लंडविरुद्धचा सामना जिंकलाही होता.

स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारे विष्णु दत्ताराम झेंडे त्या वेळीं आपल्या खोलींत कामावर होते. खालीं काय चाललें आहे हें ध्यानीं येतांच त्यांनीं ध्वनिक्षेपकावरून पुनःपुन्हां सांगावयास आरंभ केला कीं, प्रवाशांनीं एक नंबरच्या फलाटाच्या मागल्या बाजूनें बाहेर पडावें. मारेकऱ्यांनीं त्यांच्या खोलीच्या रोखानेंही गोळ्या झाडल्या. उपनगरी गाड्यांनीं येणारेजाणारे किती लोक त्या आवाजामुळें वांचले याची मोजदाद कोणीं करावी? आम्हांस या हकीकतींत सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही कीं, त्यांनीं नुसतें पळावयास सांगितलें नाहीं; कोणीकडे पळावयाचें तें सांगितलें. भ्यालेल्या माणसाला क्रियापद पुरत नाहीं, त्याला दिशा लागते. घरच्या माणसांना ओरडून सांगण्याची वेळ आली तर 'पळा पळा' न म्हणतां 'त्या जिन्याकडे', 'डाव्या हाताच्या दारानें' असें म्हणावें.

तेच दोघे पुढें पादचारी पुलावरून बाहेर पडून कामा रुग्णालयांत शिरले. तेथें अंजली कुलथे नांवाच्या परिचारिका रात्रपाळीला होत्या, आणि त्यांच्या हातीं २० गर्भवती स्त्रिया होत्या. या स्त्रिया पळूं शकत नव्हत्या, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण त्याचें काम पुढें पडणार आहे. कुलथेबाईंनीं कक्षाचीं दारें लावून घेतलीं, सर्व स्त्रियांना आंतल्या लहानशा स्वयंपाकाच्या खोलींत नेलें, दिवे मालवले आणि सर्वांना चिडीचूप बसविलें. त्यांतल्या एकीच्या कळा सुरू झाल्या, तेव्हां तिला भिंतीच्या कडेकडेनें त्यांनीं प्रसूतिगृहापर्यंत पोंचविलें. डिसेंबर २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें त्यांनीं ही हकीकत स्वमुखानें सांगितली. बंद दार, अंधार आणि शांतता, एवढ्यावर २० जिवांचे ४० जीव राहिले.

इंग्लंडच्या पोलिसांनीं २०१५ पासून आपल्या लोकांना हेंच तीन शब्दांत शिकविलें आहे: पळा, लपा, कळवा. अमेरिकेंत ह्यूस्टन शहरानें २०१२ सालीं जी चित्रफीत काढली तिच्यांत तिसरा शब्द 'लढा' असा आहे. या तिसऱ्या शब्दाबद्दल आमचें मत असें कीं, दार नाहीं, वाट नाहीं आणि मारेकरी दोन हातांवर आला, अशाच वेळीं तो खरा. ज्याच्या कडेवर मूल आहे त्यानें त्याचा विचारही करूं नये.

आमच्या घरांत हा विषय आणला तो आम्हीं नव्हे. धाकट्या बंधूंची कन्या न्यू जर्सीला असते. तिची सात वर्षांची मुलगी सुटींत आली होती. एके दुपारीं ती पणजीच्या मांडीशीं बसून शाळेंतल्या गमती सांगत होती, आणि त्याच सुरांत तिनें सांगितलें, "बाई दार लावतात, दिवे बंद करतात, आणि आम्ही कोपऱ्यांत खालीं बसतों. तेव्हां शिंकसुद्धां दाबायची असते." कशासाठीं, असें मातोश्रींनीं विचारलें; आणि मुलीनें कशासाठीं तें सांगितलें. तिकडच्या बहुतेक शाळांतून असा सराव वर्षांतून दोनचारदां करून घेतात. मातोश्रींनीं तिला जवळ घेतलें, दुसरें कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं मात्र त्यांनीं आम्हां दोघां भावांना विचारलें, "त्या चिमुरडीला ठाऊक आहे. तुम्हांला ठाऊक आहे का?" मातोश्रींचें वय ८४. अभद्राचा दंडक ज्यांनीं घातला त्यांनींच तो उठविला, तेव्हां आमच्या वहिनींनींही मग हरकत घेतली नाहीं.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें, दोन लागून असलेल्या सदनिकांमधली भिंत पाडून एकत्र राहणारें. अशा घराची चाल वाचकांना सांगावयास नको. आम्ही कोठेंही निघालों कीं डोकीं मोजतों. स्थानकावर मोजतों, फलाटावर मोजतों, डब्यांत शिरल्यावर मोजतों. आणि अकरा भरल्यावांचून कोणी पाऊल उचलीत नाहीं. जत्रेंत, यात्रेंत, लग्नसराईंत हीच चाल मुलांना सांभाळते. पण गोळीबाराच्या जागीं अकरा डोकीं भरेपर्यंत थांबणें म्हणजे अकरा जणांनीं उभें राहणें होय. एकाला दार दिसलें तर तो बाकीच्या दहांना हांक मारतो. त्यांतले चौघे 'काय झालें' म्हणून विचारतात. एक जण पिशवी घ्यावयास वळतो. वडील मंडळी बोलल्याशिवाय धाकटीं हलत नाहींत. आमच्या चार रविवारांच्या चर्चेचें सार काढूं गेलें तर तें असें कीं, एकत्र कुटुंबाला युक्तीपेक्षां परवानगीची अधिक गरज आहे: न विचारतां, न मोजतां, निरोप न घेतां निघून जाण्याची परवानगी, आणि ती वडिलांनीं आधींच, सर्वांसमक्ष, तोंडानें दिलेली असली पाहिजे.

म्हणून आमच्या घरीं पहिला ठराव झाला तो असा. 'उठा' हा शब्द ठरला. तो घरांतल्या कोणीही उच्चारावा, नऊ वर्षांच्या पुतणीच्या मुलानेंही, आणि तो ऐकतांच सर्वांनीं उठावें, कारण मागाहून विचारावें. धाकट्यानें हुकूम करावा आणि थोरल्यानें पाळावा हें आमच्या बंधूंना जड गेलें. मुलानें दिवसभर तो शब्द वापरून पाहिला तेव्हां तर फारच. पण तो उत्साह दोन दिवसांत ओसरला.

दुसरी गोष्ट जोड्यांची. अकरा माणसें एकत्र पळूं शकत नाहींत, दोघे-तिघे पळूं शकतात. घरांत तीन मुलें आहेत. प्रत्येक मूल एकेका मोठ्या माणसाच्या नांवें लावलें. ज्या आईला दोन मुलें आहेत तिनें दोन्ही धरूं नयेत, एक दिराच्या हातीं द्यावें, असें ठरलें, तेव्हां तिच्या डोळ्यांत पाणी आलें आणि रविवारची ती बैठक तेथेंच संपली. पुढल्या रविवारीं तिनें आपण होऊन मान्य केलें, एका अटीवर: ज्याच्या हातीं मूल आहे त्यानें मागें वळून पहावयाचें नाहीं. ही अट आम्हांपैकीं कोणासही सुचली नसती.

भेटण्याचें ठिकाण घटनास्थळाच्या समोर ठरवूं नये. त्या रात्रीं स्थानकांतून निघालेले मारेकरी कोणत्या वाटेनें गेले तें वर आलेंच आहे. म्हणून जो तो जिकडे फुटेल तिकडे जाईल, आणि परगांवीं असलेल्या एका आत्याबाईंना प्रत्येक जण एकच निरोप पाठवील, असें योजलें. हा निरोप लेखी असावा. लपलेल्या माणसाच्या खिशांत दूरध्वनि वाजणें यासारखा घात नाहीं. आणि आपल्या नातलगांचा स्वभाव असा कीं बातमी लागतांच तीस जण एकदम विचारपूस करूं लागतात. तेव्हां बाहेरच्यांनीं आंतल्यांना हांक मारावयाची नाहीं, आत्याबाईंना विचारावयाचें, ही ताकीद आमच्या व्हॉट्सॲपवरच्या कुटुंबसमूहांत घालून ठेवली आहे. आंतल्यानेंही आपण कोठें लपलों हें त्या समूहावर लिहूं नये. २००८ च्या त्या तीन दिवसांत दूरचित्रवाणीवरचीं थेट दृश्यें मारेकऱ्यांचे सूत्रधार पलीकडे बसून पाहत होते. २०१२ च्या निकालपत्रांत सर्वोच्च न्यायालयानें त्या वाहिन्यांना याबद्दल कडक शब्दांत दोष दिला आहे. पोलिसांसाठीं क्रमांक ११२, रुग्णवाहिकेसाठीं महाराष्ट्रांत १०८. आत्याबाईंचा क्रमांक मुलांना तोंडपाठ हवा, कारण यंत्र हातांतून पडतें. आमच्या लहानपणीं दिवेलागणीला परवचा म्हणत. आमच्या घरीं आतां पाढ्यांच्या शेवटीं ते दहा आंकडे म्हणतात.

लपावयाचें तर कशाच्या आड, हेंही मुलांना शिकवून ठेवावें. पडदा, कपाट, लांकडी आडभिंत, मोटारीचें दार यांनीं माणूस दिसेनासा होतो, पण रायफलीची गोळी यांतून आरपार जाते. विटांची किंवा सिमेंटची जाड भिंत, दगडी खांब, मोटारीच्या यंत्राकडचा भाग, हे तिला अडवूं शकतात. खोलींत सांपडल्यास दार लावून, जड सामान त्याला टेकवून, दाराच्या रेषेंत न बसतां बाजूच्या भिंतीकडे आडवें पडावें. पोलिस आले म्हणजे हात रिकामे आणि दिसतील असे वर ठेवावे, त्यांच्याकडे धांवत सुटूं नये. त्यांनाही क्षणभर कोण कोणता हें कळत नसतें.

जखमेविषयीं थोडें. मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस कांहीं मिनिटांतच हातचा जातो, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबत नाहीं. मिळेल तें स्वच्छ कापड, पदर, पंचा, उपरणें, जखमेवर घालून दोन्ही हातांनीं अंगचा सर्व भार देऊन दाबावें आणि मधूनमधून उचलून पाहूं नये. हात किंवा पाय असेल आणि दाबूनही रक्त थांबत नसेल, तर जखमेच्या दोनतीन इंच वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधून तींत काठी घालून पिळावी, रक्त थांबेपर्यंत. मग ती आपण सोडूं नये, बांधल्याची वेळ मात्र सांगावी. हें नुसतें वाचून येत नाहीं. आमच्या वहिनी आणि पुतण्या प्रथमोपचाराचा वर्ग करून आलीं आहेत.

या सर्व योजनेच्या आवांक्याबाहेरचे प्रसंगही असतात, तें न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगामजवळच्या बैसरन पठारावर २६ माणसें मारलीं गेलीं, त्यांत महाराष्ट्रांतले सहा. मोकळें कुरण, आडोसा नाहीं. आणि मारेकऱ्यांनीं पुरुषांना धर्म विचारून, बायकामुलांच्या देखत, जवळून मारलें. तेथें कोणती जोडी आणि कोणतें दार? प्रवाशांना वांचवावयास गेलेला एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही त्यांत बळी पडला. ज्या घरांवर तो दिवस आला त्यांना कोणीं 'असें करावयास हवें होतें' म्हणून सांगूं नये.

आतां आमच्या घरच्या वादाचा खरा गाभा. मातोश्रींचे दोन्ही गुडघे गेलेले. काठी घेऊन त्या दिवाणखान्यापासून देवघरापर्यंत येतात तेवढेंच. त्यांचें काय? दोन रविवार हा प्रश्न कोणीं तोंडाबाहेर काढला नाहीं, जो तो जोड्यांची यादी त्यांचें नांव वगळून वाचीत होता. शेवटीं त्यांनींच विचारलें, "माझी जोडी कुणाशीं?" धाकटे बंधु म्हणाले, "आम्ही सगळे." त्यावर त्या म्हणाल्या, "सगळे म्हणजे अकरा. तें तर तुम्हीं नको ठरवलंत ना?"

मग त्यांनीं सांगितलें कीं, त्यांच्यासाठीं कोणीं थांबूं नये. हें ऐकून घेणें आम्हांस अवघड गेलें, आणि मान्य करणें तर अशक्यच. आईला टाकून आले, असें जग म्हणेल ही भीति खोटी नव्हे. पण जगाचें सोडा, आम्हीच स्वतःला काय म्हणूं? थोरले या नात्यानें आम्हीं सांगितलें कीं आम्ही थांबूं. तेव्हां आमच्या मंडळींनीं शांतपणें विचारलें, "म्हणजे मी पण, असंच ना? तें मला कोण विचारणार?" प्रश्न रास्त होता. सासूपाशीं सुनेनें थांबावें हें विचारण्याचीही आपल्या घरांतून रीत नाहीं, तें गृहीतच असतें. त्यांना रीतसर विचारलें. त्यांनीं उत्तरास एक दिवस घेतला, आणि मग होकार दिला. पण तो विचारल्यावर दिला, आणि त्या दिवसापासून सासूसुनांचें बोलणें पूर्वींपेक्षां कांहींसें निराळें झालें आहे, असें आमच्या नजरेला वाटतें. आमचीं मुलें मोठीं झालेलीं आहेत, हें कारण त्यांनीं सांगितलें. दुसरें कांहीं कारण असल्यास तें त्यांनाच ठाऊक.

पण नुसतें थांबणें ही योजना नव्हे, आणि येथें कुलथेबाईंची हकीकत आमच्या कामीं आली. ज्याला पळतां येत नाहीं त्याच्यासाठीं बंद दार जवळ हवें. तेव्हां प्रवासांत मातोश्रींना दालनाच्या मध्यभागीं सामानापाशीं न बसवितां भिंतीलगत किंवा खांबाच्या आड, आणि जमल्यास दार असलेल्या प्रतीक्षालयांत बसवावें. हॉटेलांत, मंगल कार्यालयांत आधीं आंतली एखादी खोली पाहून ठेवावी. याला खर्च नाहीं आणि कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. आमच्या अविवाहित पुतण्यानें याउपर एक सूचना केली, आणि ती लगेच करूनही दाखविली: मातोश्रींना पाठुंगळीस मारून तो दोन जिने उतरला आणि पुन्हां चढला. मातोश्रींचें वजन ४१ किलो निघालें. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडकरूंनीं दार उघडून पाहिलें आणि कांहीं न विचारतां लावून घेतलें. तेव्हां आतां जोडी पुतण्याची. तो जवळ नसेल तर आम्हां उभयतांची.

मातोश्रींनीं हें मान्य केलें, परंतु बाकीच्या सर्वांकडून त्यांनीं एकेक करून वचन घेतलें कीं, बाहेर पडल्यावर कोणीही त्यांच्यासाठीं परत फिरणार नाहीं. सुनांनीं दिलें, नातवंडांनीं दिलें. धाकट्या बंधूंनीं अद्याप दिलेलें नाहीं. रविवार आला कीं मातोश्री त्यांच्याकडे पाहतात आणि ते वर्तमानपत्र उघडतात.

फाल्गुनांत नागपूरच्या लग्नाला सर्वांनीं जावयाचें आहे. उठतांना सामान जागेवर टाकावयाचें, मग तो फराळाचा डबा असो कीं शालूंची पेटी, हा ठराव एकमतानें झालेला होता. तरी मातोश्रींच्या हातपिशवींत त्यांचा चांदीचा बाळकृष्ण असतो, त्याचें काय करावयाचें असें आम्हीं भीत भीत विचारलें. त्या म्हणाल्या कीं, पिशवी राहूं द्या, तो यापुढें माझ्या कनवटीला असेल, म्हणजे तो सामानांत धरावा लागणार नाहीं. यावर कोणीं वाद घातला नाहीं.